आठवड्याचा पराशा वाचून आजच्या जगण्यासाठी काय घ्यायचं, आणि कसं

दर शनिवारी सकाळी जगभरातल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मुख्य धर्मग्रंथाचा, एक ठरलेला भाग वाचतात, त्याला पराशा म्हणतात. ठाण्यात जो वाचतात तोच न्यूयॉर्कमध्ये आणि तोच मोरोक्कोत (इस्राएलचा एक छोटा अपवाद आहे, तो पुढे येईल). आमच्या बेने इस्रायली (मराठी ज्यूंच्या) घरांत लहानपणापासून हा शब्द कानावर असतो, पण खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं काय होतं, हज्जान (प्रार्थना चालवणारा) वाचतो, आपण उभं राहायच्या वेळी उभं राहतो, बसायच्या वेळी बसतो आणि घरी येऊन जेवतो. त्यात आपल्या रोजच्या कटकटींबद्दल काही असेल असं डोक्यातच येत नाही. आणि ज्यांच्या येतं ते नेटवर जाऊन 'मोशेकडून शिका लीडरशिपची ७ सूत्रं' टाइप काहीतरी वाचतात (मोशे म्हणजे तोरातला इस्राएली लोकांचा पुढारी).

तर हा लेख त्या दोघांच्या मधल्या जागेसाठी आहे. ज्यू असाल तर उत्तम, नसाल आणि घरात मराठी बायबल असेल तरी चालेल, कारण त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजेच तोरा. पद्धत माझी एकट्याची नाहीये, बराचसा भाग शेकडो वर्षं चालत आलेला आहे, मी फक्त तो मराठीत आणि नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला जमेल असा लावलाय.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धडा शोधायला म्हणून वाचायला बसलात की धडा मिळत नाही, तुम्हाला आधीपासून जे पटलेलं असतं तेच मिळतं, फक्त त्यावर मोशेचा शिक्का बसतो. 'कष्ट करा', 'विश्वास ठेवा', 'कुटुंबाला वेळ द्या' हे कळायला तोरा कशाला लागते? नवीन काही हवं असेल तर आधी वचनात कुठेतरी अडखळावं लागतं.

पायरी १: या आठवड्यात कुठला पराशा आहे ते बघा

तोराचे एकूण ५४ पराशा आहेत आणि वर्षभरात सगळे वाचून होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सिम्हात तोरा या सणाच्या दिवशी शेवटचा भाग वाचतात आणि लगेच त्याच दिवशी 'प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी' पासून पुन्हा सुरुवात, मध्ये एका दिवसाचीही सुट्टी नाही. ज्या वर्षी ज्यू पंचांगात अधिक महिना नसतो त्या वर्षी आठवडे कमी पडतात म्हणून काही पराशा जोडीने वाचतात. म्हणजे कधीकधी तुमच्या वाट्याला डबल वाचन येणार हे धरून चाला.

कुठला पराशा हे बघायला हिबकॅल नावाची साइट आहे, त्यात मुंबई निवडली की पराशा आणि शुक्रवारी शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीचा विश्रांतीचा दिवस) किती वाजता लागतो ते दोन्ही दिसतं. आता तो अपवाद: पेसाह हा सण इस्राएलमध्ये ७ दिवस आणि बाहेर ८ दिवस पाळतात, शावुओत हा सण तिथे १ आणि बाहेर २ दिवस. त्यामुळे बाहेरचा तो जादाचा दिवस शनिवारी आला की काही आठवडे इस्राएल एक पराशा पुढे पळत असतो. तुमचे नातेवाईक अश्दोद किंवा दिमोनाला असतील आणि त्यांच्याबरोबर फोनवर वाचायचं ठरवलं असेल तर त्या काळात आधी विचारून घ्या, नाहीतर दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत बसाल.

पायरी २: सात तुकडे, सात दिवस

शनिवारी पराशा सात भागांत वाचतात, प्रत्येक भागाला एका माणसाला वर बोलावतात, त्याला अलिया म्हणतात. हेच सात भाग घरी आठवड्यावर पसरवायचे, रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं करत शनिवारी सातवा. एकदम पूर्ण वाचायला बसाल तर नासो या पराशात १७६ वचनं आहेत, संपता संपत नाही. उलट वायेलेख फक्त ३० वचनांचा आहे, तो चहा निवायच्या आत होतो. रोजचा एक तुकडा केला की लोकलमध्ये ठाणे ते दादरमध्ये आरामात बसतो.

जुना नियम असा की मूळ दोनदा वाचायचं आणि भाषांतर एकदा. हा तालमूदमध्येच (ज्यू धर्मपंडितांच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात) सांगितलेला आहे आणि भाषांतर म्हणजे तेव्हाचं अरामी, कारण लोक तेव्हा अरामी बोलायचे. ज्यांना हिब्रू येतं त्यांनी तसंच करावं. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी माझी तडजोड अशी: मराठी दोनदा, आणि त्यातला जो तुकडा मनात अडकेल तो दुसऱ्या एखाद्या भाषांतरात एकदा. दोनदा वाचणं कंटाळवाणं वाटतं पण ते सोडू नका, पहिल्या वेळी आपण गोष्ट वाचतो आणि दुसऱ्या वेळी ती कशी सांगितलीय ते दिसायला लागतं.

मराठी बायबल वापरताना दोन बारीक गोष्टी. पुस्तकांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत, हिब्रू नावं शोधत बसू नका. आणि वचनांचे आकडे काही ठिकाणी सरकलेले असतात, उदाहरणार्थ गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्ताच्या आत परत करायचा नियम ज्यूंच्या प्रतीत निर्गम २२:२५ ला आहे आणि मराठी बायबलमध्ये २२:२६ ला. त्यामुळे एखादा संदर्भ जुळला नाही तर एक वचन वर-खाली बघा, बहुतेक वेळा तिथेच असतो.

फोनवर सेफारिया हे अॅप ठेवा, फुकट आहे, हिब्रू आणि इंग्रजीतून मूळ आणि त्याच्या शेजारी टीकाकारांची मतं मिळतात. पण ती आत्ता उघडायची नाहीत. का ते चौथ्या पायरीला.

पायरी ३: कुठे अडखळलात ते लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

वाचताना जिथे 'हे असं का?' असं वाटेल तिथे थांबायचं आणि तो प्रश्न वहीत लिहायचा, उत्तर नाही, फक्त प्रश्न. सुरुवातीला प्रश्नच पडत नाहीत ही तक्रार मी खूप ऐकलीय, तर कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगतो. एकच गोष्ट दोनदा सांगितलीय का आणि दुसऱ्यांदा काही बदललंय का? क्रम उलटा झालाय का? जिथे बोलायला हवं होतं तिथे कोणी गप्प आहे का? गोष्टीला गरज नसलेला एखादा तपशील उगाच दिलाय का? एवढं पुरतं.

क्रमाचं एक फार सुंदर उदाहरण गणना ३२ मध्ये आहे, मत्तोत या पराशात. रऊबेन आणि गाद या वंशांकडे गुरंढोरं भरपूर, त्यांना यार्देन नदीच्या अलीकडेच (देवाने देऊ केलेला देश पलीकडे होता) चांगली कुरणं दिसली, म्हणून ते मोशेला म्हणाले आम्हाला इथेच राहू द्या. मोशे भडकला, बाकीचे भाऊ लढाईला जाणार आणि तुम्ही इथे बसणार? तेव्हा ते म्हणाले की आम्ही लढायला पुढे येतो, फक्त आधी इथे मेंढवाडे बांधतो गुरांसाठी आणि शहरं बांधतो मुलांसाठी. मोशे हो म्हणाला. आणि होकार देताना काय म्हणाला? शहरं बांधा तुमच्या मुलांसाठी आणि मेंढवाडे तुमच्या मेंढरांसाठी. बस, क्रम उलटा केला, लेक्चर काही दिलं नाही. आणि दोन वचनांनंतर त्यांचं उत्तर बघा, आता तेही 'आमची मुलं, आमच्या बायका, आमची गुरं' असं म्हणतायत.

पहिल्या वाचनात हे दिसतच नाही कारण आपलं लक्ष जमिनीच्या सौद्याकडे असतं. राशीने (फ्रान्सच्या त्र्वा गावचा, १०४०–११०५, तोराचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा टीकाकार) हे बरोबर पकडलंय, तो म्हणतो यांना मुलाबाळांपेक्षा मालमत्तेची काळजी जास्त होती, मोशेने सांगितलं मुख्य ते मुख्य ठेवा. आता हे 'कुटुंबाला वेळ द्या' पेक्षा वेगळं आहे का? मला वाटतं खूप वेगळं आहे. कारण त्या लोकांनी मुलांना विसरलं नव्हतं! मुलं यादीत होती, फक्त दुसऱ्या नंबरवर. आपणही घर बदलताना आधी पार्किंग, मग ऑफिसचं अंतर, मग मुलांची शाळा असं बोलतो आणि आपल्याला वाटतं की आपण सगळ्याचा विचार केला. त्या आठवड्यात करायचं काम एकच, आपण बायकोशी किंवा नवऱ्याशी एखाद्या मोठ्या निर्णयाबद्दल बोलताना कुठली गोष्ट पहिली तोंडातून निघते ते नुसतं ऐकायचं.

पायरी ४: आता जुन्या लोकांना विचारा

स्वतःचा प्रश्न लिहून झाल्यावरच राशी उघडायचा, आधी उघडला तर तुम्हाला उत्तर मिळेल पण प्रश्न कुठला होता तेच कळणार नाही. नेहामा लायबोविट्झ नावाच्या जेरुसलेमच्या शिक्षिका होऊन गेल्या (१९०५–१९९७), त्यांनी १९४२ पासून वर्षानुवर्षं दर आठवड्याला पराशावरचे पेपर पोस्टाने लोकांना पाठवले. त्या पेपरांत प्रश्नच प्रश्न असायचे, लोक उत्तरं लिहून परत पाठवायचे आणि बाई लाल पेनाने तपासून द्यायच्या. त्यांचा आवडता प्रश्न होता की राशीला इथे नेमकं काय खटकलं? हा प्रश्न घेऊन वाचलंत तर राशी एकदम जिवंत होतो.

दुसरं म्हणजे टीकाकार एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडणच आपल्या कामाचं असतं. महापुरातून तारवात वाचलेल्या नोहाबद्दल उत्पत्ती ६:९ मध्ये म्हटलंय की तो 'आपल्या पिढीत' नीतिमान होता. राशी दोन्ही मतं शेजारी-शेजारी ठेवतो: काही जण म्हणतात ही स्तुती आहे, एवढ्या वाईट लोकांत चांगला राहिला तर चांगल्या लोकांत अजून चांगला झाला असता. काही म्हणतात हा टोमणा आहे, अब्राहामाच्या काळात असता तर त्याला कोणी विचारलं नसतं. निकाल लावत नाही राशी. तुम्हीही लगेच लावू नका. ऑफिसमध्ये सगळेच खोटी बिलं लावतात आणि आपण लावत नाही, तर आपण खरंच प्रामाणिक की फक्त आजूबाजूच्यांपेक्षा बरे? दोन्ही मतं डोक्यात ठेवून आठवडा काढला तर जास्त हाताला लागतं.

शक्य असेल तर हे जोडीने करा, त्याला हावरुता म्हणतात, दोघांनी समोरासमोर बसून एकच मजकूर वाचायचा आणि एकमेकांचं म्हणणं खोडायचं. आजकाल लोक व्हिडिओ कॉलवर करतात. जोडीदार मात्र तुमच्याशी सहमत होणारा घेऊ नका.

पायरी ५: आजच्या घरात आणा, पण छोटं करून

इथे माझा एक नियम आहे. धडा असा हवा की तो पुढच्या शब्बाथच्या आत करून बघता येईल, आणि केला की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता येईल. 'मी जास्त संयमी होईन' हे बाद. 'मंगळवारच्या मीटिंगमध्ये शेवटी बोलेन' हे चालेल. हा कडकपणा मी उगाच करत नाहीये, तोरा स्वतःच अशी आहे. मोठ्या मोठ्या तत्त्वांच्या शेजारी ती तुम्हाला गच्चीला कठडा लावायला सांगते.

की तेत्से हा पराशा घ्या, अनुवाद २१ ते २५, पावसाळा संपत येतो तेव्हा येतो. यात ७४ आज्ञा मोजल्या जातात, सगळ्या पराशांत जास्त. त्यातली २२:८: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. तेव्हाची घरं सपाट छपराची, लोक वर झोपायचे, वाळवणं घालायचे. इथे एक प्रश्न येतो, जो पडणार तो स्वतःच्या बेपर्वाईने पडणार, मग दोष घरमालकाचा कसा? राशी जवळजवळ हेच म्हणतो की तो माणूस कदाचित पडायच्याच लायकीचा असेल, तरी ते तुझ्या हातून घडू नये. मग पुढच्या लोकांनी हा कठडा वाढवत नेला. तालमूदमध्ये याच वचनावरून सांगितलंय की घरात चावरं कुत्रं पाळू नये आणि डुगडुगणारी शिडी ठेवू नये. १२व्या शतकात रामबामने (मायमोनिडीज, ज्यू कायद्याचा मोठा पंडित) अंगणातली विहीर आणि खड्डासुद्धा यात घेतला, कठडा किंवा झाकण हवंच, आणि कठड्याची उंची हाताच्या पंजाच्या दहा रुंदी, म्हणजे साधारण तीन फूट.

आता आजची यादी तुम्हीच करा, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं तुटलेलं झाकण, गिझरची उघडी वायर, गॅसची चिरलेली नळी, बाल्कनीच्या कठड्यावरच्या कुंड्या, जिन्यातला गेलेला बल्ब. यातलं एक या आठवड्यात दुरुस्त करायचं. हाच पराशाचा धडा, आणि कोणाला तो पुरेसा आध्यात्मिक वाटत नसेल तर ते वचन पुन्हा वाचावं. ज्यांना ताणून पुढे न्यायचंय त्यांनी न्यावं, लहान मुलाच्या हातातल्या फोनला कुठला कठडा आहे वगैरे, चर्चेला चांगलं आहे, पण आधी बल्ब.

याच पराशात अजून दोन जागा आहेत ज्यांच्यावर मी कितीही वेळ बसू शकतो. २४:१०-११, शेजाऱ्याला उसनं दिलं असेल आणि गहाण घ्यायला गेलास तर त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. म्हणजे पैसे तुमचे आहेत, हक्क तुमचा आहे, तरी उंबरा त्याचा. कर्जाच्या अॅपवाले रिकव्हरीसाठी माणसाच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना फोन करतात त्यांना हे कोणी वाचून दाखवलं पाहिजे, पण तेवढं लांब कशाला, मित्राला पैसे उसने दिल्यावर त्याने नवीन बूट घेतले की ट्रिपचे फोटो टाकले हे आपण तपासतो ना, ते घरात शिरणंच झालं. आणि २४:१५, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिच्यावर लागलेलं असतं. घरकामाच्या मावशींना पगार मागायला लागतो का? ठरलेल्या तारखेला न मागता मिळतो का? फ्रीलान्स काम करून देणाऱ्या पोराचं बिल किती दिवस पडून आहे? झालं, आठवड्याचं काम मिळालं.

एक पूर्ण उदाहरण: यित्रो

निर्गम १८ ते २०, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. मोशेचा सासरा (मराठी बायबलमध्ये इथ्रो), मिद्यानाचा याजक, जावयाला भेटायला येतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर मोशे एकटा न्यायनिवाडा करत बसलाय आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे उभे. तो म्हणतो हे ठीक नाही, हजार-हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहा-दहांवर माणसं नेम, मोठी प्रकरणं तुझ्याकडे येऊ देत, लहान त्यांनी सोडवावीत. यावरून सगळे एकच धडा काढतात, काम वाटून द्या. चुकीचा नाही. पण त्यासाठी दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

दुसऱ्यांदा वाचल्यावर काय काय खटकतं ते बघा. मोशे बसलाय आणि लोक उभे आहेत, हे वचन मुद्दाम सांगतं, आणि राशी म्हणतो इथ्रोला हेच लागलं. मग १८व्या वचनात इथ्रो म्हणतो तू तर झिजशीलच आणि हे लोकही झिजतील. म्हणजे त्याची काळजी फक्त जावयाच्या तब्येतीची नाहीये, रांगेत उभ्या असलेल्या बाईचीही आहे. जो माणूस सगळं स्वतः करतो त्याला वाटत असतं मी किती त्याग करतोय, आणि बाकीचे त्याच्या त्यागाची वाट बघत दिवसभर ताटकळत असतात! सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या सहीशिवाय प्लंबरसुद्धा येत नाही, आणि तो गावी गेलाय. घरातली बाई, जिला एकटीलाच माहीत आहे की सासऱ्यांच्या गोळ्या कुठल्या आणि एलआयसीचे कागद कुठे. दुकानदार, ज्याला विचारल्याशिवाय पोरगा पन्नास रुपये कमी करू शकत नाही आणि गिऱ्हाईक उभं आहे. मला विचाराल तर या अध्यायाचं खरं पात्र मोशे नाही, ती रांग आहे.

अजून एक. इथ्रोने चार गुण मागितले होते, कर्तबगार, देवाला भिणारे, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेले. चार वचनांनंतर मोशेने प्रत्यक्षात नेमले ते नुसते 'कर्तबगार'. बाकीचे तीन गुण कुठे गेले? मिळालेच नाहीत असं म्हणायला जागा आहे, आणि अनुवाद १:१५ वर राशीही म्हणतो की सांगितलेले सगळे गुण असलेली माणसं मोशेला मिळाली नाहीत. तरीही त्याने नेमली. 'माझ्यासारखं कोणी करत नाही' म्हणून सगळं स्वतःकडे ठेवणाऱ्याला याच्यापेक्षा सरळ उत्तर काय द्यायचं.

आणि तिसरं जरा टोचणारं. हीच हकिकत मोशे अनुवादाच्या पहिल्या अध्यायात पुन्हा सांगतो, मला एकट्याला तुमचा भार वाहवत नाही म्हणून मी माणसं नेमली, आणि त्यात सासऱ्याचं नाव नाही. त्याची कारणं टीकाकार देतात ती वाचा, पण वाचायच्या आधी स्वतःला विचारा की तुमची कुठली आयडिया मुळात दुसऱ्याची होती. दुसरीकडे तोराने मात्र हिशेब ठेवलाय, दहा आज्ञा ज्या पराशात पहिल्यांदा येतात त्याला नाव या परक्या याजकाचं आहे.

तर काम काय? १८:२२ मध्ये लहान आणि मोठं यांची हद्द आखलीय, तेवढंच करायचं. एक विषय निवडा, त्यात 'इथपर्यंत तू ठरव, मला विचारू नकोस' अशी रेघ मारा, रकमेत सांगता आली तर रकमेत सांगा, आणि नंतर ते तपासायला जाऊ नका. शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातो.

पायरी ६: अवघड आणि कोरडे पराशा

उन्हाळ्याच्या तोंडावर लेवीय पुस्तक येतं आणि बरेच जण तिथे गळतात. तझ्रिया आणि मेत्सोरा हे दोन पराशा त्वचेवरच्या, कपड्यांवरच्या आणि घराच्या भिंतींवरच्या चट्ट्यांबद्दल आहेत. जुन्या मराठी भाषांतरांत महारोग छापलंय पण भिंतीला महारोग होत नाही, तेव्हा तो अर्थ डोक्यातून काढा, आणि खऱ्या आजारी माणसाला 'पापाचं फळ' म्हणायला तर हा पराशा अजिबात वापरू नका. जुन्या ज्यू धर्मपंडितांनी याचा संबंध चुगलीशी लावला, तो धडा सगळे सांगतात. मला त्यातली प्रोसेस जास्त आवडते. याजकाला खात्री नसेल तर तो सात दिवस थांबतो आणि पुन्हा बघतो. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला तर याजक यायच्या आधी सामान बाहेर काढू देतात, म्हणजे नुकसान कमी होतं. मिश्नामध्ये (तालमूदच्या आधीच्या नियमसंग्रहात) तर असं आहे की ढगाळ दिवशी तपासायचं नाही, आणि नवरदेवाच्या अंगावर चट्टा दिसला तर लग्नाचे सात दिवस त्याला सोडून द्यायचं. निकाल खरा असला तरी तो कधी द्यायचा याला महत्त्व आहे. मुलीच्या वाढदिवशी तिच्या मार्कांचा विषय काढायचा की सोमवारी, एवढा साधा उपयोग आहे याचा.

मंडपाच्या (वाळवंटात देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) मापांचे पराशा आले की मी सरळ पेकुदेई या पराशाकडे बोट दाखवतो. निर्गम ३८ मध्ये मोशे सोनं, चांदी, पितळ किती आलं आणि कशाला लागलं याचा हिशेब देतो, अगदी १७७५ शेकेल चांदी खांबांच्या हुकांना वगैरे गेली इथपर्यंत. कोणी हिशेब मागितल्याचं तिथे लिहिलेलं नाही. गणेश मंडळाचे, सोसायटीचे, सिनेगॉगचे, कुठलेही खजिनदार असाल तर हे वाचा.

आणि काही जागा अशा आहेत की तिथून धडा ओढून काढू नये. की तेत्सेमध्येच, कठड्याच्या थोडं आधी, हट्टी आणि बंडखोर मुलाला दगडमार करायचा नियम आहे. तालमूदमध्ये यावर अटींवर अटी घातल्यात आणि एक मत असं की असं कधी घडलं नाही आणि घडणारही नाही, मग लिहिलं कशाला, तर अभ्यास करा म्हणून. लगेच दुसरा रब्बी म्हणतो, मी असा मुलगा पाहिलाय आणि त्याच्या कबरीवर बसलोय. दोन्ही वाक्यं ठेवलीयत, एकही पुसलेलं नाही. अशा ठिकाणी वहीत प्रश्न लिहा, तारीख टाका आणि पुढे चला. गोड धडा लावून ते झाकणं मला तरी अप्रामाणिक वाटतं.

पायरी ७: जेवणाच्या टेबलावर

शुक्रवारी रात्री किद्दुश (द्राक्षारसावरचा आशीर्वाद) झाल्यावर जेवताना पाच मिनिटं बोलायचं, त्याला द्वर तोरा (म्हणजे तोरावरचे चार शब्द) म्हणतात. शब्बाथला लिहायचं नसतं, फोनही नाही, म्हणून टिपण शुक्रवारी ऊन उतरायच्या आत करून ठेवा. बोलताना आधी वचन वाचा, मग तुमचा प्रश्न सांगा आणि थांबा. उत्तर घाईने देऊ नका, मुलं काहीतरी भन्नाट बोलतात. आपल्याकडे गोष्ट सांगायची ताकद काही कमी नाही, बेने इस्रायली लोकांनी १९व्या शतकात अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या आणि बायका-पोरं रात्र-रात्र ऐकायची, तेव्हा थोडा रंग भरायला लाजू नका.

एक पथ्य मात्र पाळा, टेबलावरचा धडा हा बोलणाऱ्याने स्वतःसाठी घ्यायचा असतो. सासूने चुगलीवरचा पराशा सुनेकडे बघत सांगितला की संपलं सगळं, पुढच्या आठवड्यापासून कोणी ऐकणार नाही.

वही वर्षभर तीच ठेवा, प्रत्येक पराशाला दोन पानं सोडा. पुढच्या वर्षी तोच पराशा येईल तेव्हा जुना प्रश्न आधी न वाचता नवीन लिहा आणि मग दोन्ही बघा. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, मूल झालं, अशा वर्षी तेच वचन भलत्याच ठिकाणी अडकतं.

आठवडे बुडतील. बुडाले तर मागचं भरून काढत बसू नका, त्याच नादात लोक कायमचं सोडतात, जे पराशा राहिले ते पुढच्या वर्षी येणारच आहेत. आणि सुरुवात करायला सिम्हात तोरापर्यंत थांबायचीही गरज नाही. आज बुधवार असेल तर या आठवड्याच्या पराशाचा चौथा तुकडा काढा आणि तिथूनच वाचा, आधीचे तीन गुरुवारी-शुक्रवारी जमले तर जमले.